रंग स्क्रीनवर झळकतात, भिंतीवर मळतात: दगडांच्या सूक्ष्मचित्रांतला नेहमीचा बिघाड

तक्रार ठरलेली असते. दगडाचा थिन सेक्शन (काचेच्या स्लाइडवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप) केला, ध्रुवित (एकाच दिशेनं कंप पावणाऱ्या) प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले, पन्नासएक फोटो जोडून मोठं चित्र केलं, दोन फूट बाय तीन फुटांचं प्रिंट आणलं आणि भिंतीवर लावल्यावर ते विटक्या तपकिरी रंगाचं दिसलं. जवळ जाऊन बघावं तर जोडांच्या जागी फरशी बसवल्यासारख्या चौकटी. मग प्रिंटवाल्याशी वाद होतो, दुसरं प्रिंट निघतं आणि त्यातही तेच दिसतं.

प्रिंटर ही या साखळीतली शेवटची कडी आहे. दोष बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, कार्बोरंडमच्या पावडरीवर दगड घासताना शिरलेला असतो. म्हणून शोध दगडापासून सुरू करावा. आधी दहा मिनिटांची तपासणी करा. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथेच रंग फिके असतील तर सेक्शन किंवा पोलरायझर (प्रकाश ध्रुवित करणारी फिल्म) चुकलाय. डोळ्यांना छान दिसतं पण एकटा फोटो फिका येतो, तर कॅमेऱ्याची मांडणी बघा. सुटे फोटो चांगले, जोडल्यावर चौकटी, तर एक्स्पोजर आणि प्रकाशाची समानता. स्क्रीनवर सगळं ठीक आणि फक्त कागदावर मळकट, तर फाइल, प्रोफाइल आणि कागद. जिथे चित्र पहिल्यांदा बिघडतं तिथेच थांबा. पुढच्या पायऱ्यांवर केलेली मेहनत वाया जाते.

दगड आणि त्याची जाडी

एकमेकांना काटकोनात बसवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये, म्हणजे क्रॉस्ड पोलरमध्ये, दिसणारे रंग खनिजाचे स्वतःचे नसतात. प्रकाश खनिजात शिरला की त्याचे दोन किरण होतात आणि एक किरण दुसऱ्याच्या मागे पडतो. किती मागे, ते दोन गोष्टींवर ठरतं: खनिजाचं द्विअपवर्तन (त्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतला फरक) आणि सेक्शनची जाडी. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे मागे पडलेलं अंतर, आणि त्या अंतरावर रंग ठरतो. हा हिशेब मिशेल-लेव्ही यांनी १८८८ साली रंगतक्त्यात बसवला. सजावटीची चित्रं करणाऱ्यानं तो तक्ता छापून टेबलासमोर लावावाच.

भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेक्शन ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) करतात. त्या जाडीला क्वार्ट्झचं गणित ०.००९ गुणिले ३०,००० नॅनोमीटर, म्हणजे जास्तीत जास्त २७० नॅनोमीटर. तक्त्यावर तिथे राखाडी आणि पांढरा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्यात घटप्रभा नदी ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली पडते, तो कडा क्वार्ट्झनं भरलेल्या वालुकाश्माचा. गोकाक, सौंदत्ती परिसरातला असा पांढरा किंवा फिकट गुलाबी दगड आणून नियमाप्रमाणे ३० मायक्रॉनपर्यंत घासला की चित्र राखाडीच येणार. अभ्यासासाठी ते अगदी बरोबर आहे, पण दिवाणखान्यात लावायला उपयोगाचं नाही.

इथे बहुतेकजण सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढतात, आणि कागदावरचा मळकटपणा तिथूनच येतो. राखाडीत रंग मुळातच नसतो. पट्टी ओढून फुगतो तो कॅमेऱ्याचा नॉइज आणि व्हाइट बॅलन्समधली चूक. रंग हवा असेल तर सेक्शन जाड ठेवा. हाच वालुकाश्म ६० मायक्रॉनवर थांबवलात तर कमाल ५४० नॅनोमीटर मिळतात आणि कणांमध्ये पिवळा, नारिंगी, लाल उतरतो. ८० मायक्रॉनवर ७२० नॅनोमीटर होतात, तेव्हा जांभळा, निळा आणि हिरवाही येतो. प्रत्येक कण वेगळ्या दिशेनं बसलेला असल्यामुळे एकाच चौकटीत ही सगळी रांग दिसते. शेजारी शेजारी चिकटलेले गोलसर कण, एक जर्द पिवळा, त्याला लागून एक मोरपंखी, मधल्या फटीत काळी रेघ. हे रंग प्रकाशानं दिलेले आहेत, म्हणून ते कागदावरही टिकतात.

पण ही युक्ती काळ्या दगडाला लावू नका. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचा बेसॉल्ट बारीक कणांचा असतो. त्यातले प्लॅजिओक्लेज या खनिजाचे पट्टे आणि ऑगाइट या खनिजाचे दाणे बरेचदा काही दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान. सेक्शन ६० मायक्रॉनचा ठेवला तर एकावर एक दोन-तीन दाणे येतात, रंग एकमेकांत मिसळतात आणि सगळं चिखलासारखं दिसतं. बेसॉल्टला २५ ते ३० मायक्रॉनच हवेत. तेवढ्यातच ऑगाइटला ५४० ते ९९० नॅनोमीटर मिळतात, म्हणजे लाल, निळा, हिरवा, पिवळा आपोआप येतात आणि त्यांच्यामधून प्लॅजिओक्लेजच्या करड्या-पांढऱ्या काड्या उठून दिसतात. थोडक्यात, दाणा जाडीपेक्षा चांगला पाच-सहा पट मोठा असेल तरच जाड सेक्शन ठेवा.

चुनखडीचं तंत्र वेगळं. लोकापूर, यादवाडकडच्या चुनखडीतल्या कॅल्साइटचं द्विअपवर्तन ०.१७२ इतकं मोठं आहे की ३० मायक्रॉनला पाच हजार नॅनोमीटरच्या वर जातं. तिथे सगळे रंग मिसळून मोतिया पांढरा होतो. हा दगड क्रॉस्ड पोलरमध्ये कधीच रंगीत दिसणार नाही, त्यात तुमचा दोष नाही. त्याला अॅलिझरिन रेड एस हा रंग लावा: १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.२ ग्रॅम. काच न झाकलेला सेक्शन त्यात अर्धा-पाऊण मिनिट बुडवायचा आणि हलक्या हातानं पाण्यात धुवायचा. कॅल्साइट गुलाबी-लाल होतो, त्याच्यासोबतचं डोलोमाइट हे खनिज तसंच राहतं. मग साध्या प्रकाशात फोटो काढा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

जांभ्यातली लोहखनिजं प्रकाश अडवतात, म्हणून क्रॉस्ड पोलरमध्ये तो जवळजवळ काळा दिसतो. त्यालाही साधा प्रकाश चांगला. इरकलचा गुलाबी ग्रॅनाइट मिळाला तर मात्र आवर्जून घ्या. अशा पोटॅशवाल्या ग्रॅनाइटमधल्या मायक्रोक्लिन फेल्डस्पारमध्ये आडव्या-उभ्या बारीक पट्ट्यांची जी वीण दिसते, ती थेट लुगड्याच्या चौकडीसारखी असते.

नमुना खाणीच्या किंवा खडी क्रशरच्या टाकाऊ ढिगातून विचारून घ्यावा. गोकाककडे मराठीतून काम भागलं नाही तर ‘बिळी कल्लु’ म्हटलं की पांढरा दगड आणि ‘कप्पू कल्लु’ म्हटलं की काळा दगड मिळतो. किल्ले, देवळं, कोरीव दगड यांना हातोडा लावायचा नाही.

घासताना होणाऱ्या चुका

सेक्शनच्या एका टोकाला क्वार्ट्झ पांढरा आणि दुसऱ्या टोकाला नारिंगी दिसत असेल तर तो पाचरीसारखा घासला गेलाय. कारण दोनच: बोटांचा दाब एका बाजूला, किंवा घासायची काच मधे खोलगट झालेली. काच आधी तपासा. तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरा, मागे बॅटरी लावा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की काच बदला. दहा मिलिमीटर जाडीची काच घेतली आणि तिचा सगळा भाग वापरला, नुसता मधला नाही, तर ती बरीच टिकते. दाब सुधारायचा तर जाड टोकावर बोट ठेवून इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा फेऱ्या घ्या, धुवा, बघा, पुन्हा घ्या.

पावडरीचा क्रम: दगडाचा तुकडा (चिप) स्लाइडवर चिकटवल्यावर कापून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणा. २२० नंबरवर साधारण १२० मायक्रॉनला थांबा. ४०० नंबरवर हव्या असलेल्या जाडीच्या ३० मायक्रॉन वरपर्यंत या. उरलेलं ६०० आणि १००० वर. घाईनं २२० वरच खाली उतरलात तर कण उपटून निघतात आणि चित्रात काळी भोकं पडतात. ती भोकं नंतर संगणकावर बुजवणं म्हणजे दगडात नसलेला कण रंगवणं. त्यापेक्षा नवा सेक्शन करावा. नंबर बदलताना काच, हात, नखं, सगळं धुवा. आधीच्या जाड पावडरीचा एक दाणा राहिला तरी शेवटच्या पायरीवर लांब ओरखडा येतो.

जाडी मोजायला ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर ठीक, पण डिंकाचा थर त्यात मिसळतो. खरा काटा म्हणजे क्वार्ट्झचा रंग. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नसतो, तिथे प्लॅजिओक्लेज बघा: तो करडा-पांढरा असला की जाडी बरोबर, पिवळा झाला तर अजून घासायचं.

दगड नेहमी ओला कापा, ओला घासा. वालुकाश्म जवळजवळ शुद्ध सिलिका आहे आणि त्याची कोरडी धूळ फुफ्फुसं कायमची निकामी करते. सुकलेला गाळ झाडूनं लोटू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि कागदात गुंडाळून टाका. मोरीत सोडलात तर पाइप तुंबतोच.

पावसाळ्यात डिंक दगा देतो

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चित्रात एक वेगळाच दोष शिरतो: पांढरट धुकं, नाहीतर काळ्या कडांचे गोल. गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. धुकं म्हणजे ओलावा. दगडाच्या चिपेत पाणी राहिलं किंवा हवेतल्या दमटपणानं इपॉक्सीच्या हार्डनरवर चिकट साय धरली, की चिकटण्याचा थर दुधाळ होतो. भरपूर पावसाच्या खानापूर, जांबोटीकडे तर चिप रात्रभर उघडी ठेवली तरी सुकत नाही.

उपाय: घासलेली चिप ६० अंशांच्या हॉट प्लेटवर चार ते सहा तास, पावसाळ्यात रात्रभर. कोमट असतानाच चिकटवा. इपॉक्सी मोजताना अंदाज नको, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि डब्यावर लिहिलेलं वजनाचं प्रमाण. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर आणि पक्कं बसतं हा गैरसमज आहे. थर मऊ राहतो आणि घासताना दगड सरकतो. हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिनिटांत धरणारा डिंक नको, त्यात बुडबुडे अडकतात आणि तो पिवळा पडतो. सावकाश धरणारी, पातळ, पारदर्शक इपॉक्सी घ्या, तिचा अपवर्तनांक १.५४ च्या आसपास असावा. चिप एका कडेनं टेकवून हळूहळू आडवी करा म्हणजे हवा पुढे ढकलली जाते, मग वर पावकिलोचं वजन. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात धरायला दुप्पट वेळ द्या.

जांभा आणि कुजलेला बेसॉल्ट सच्छिद्र असतो. त्यांना कापायच्या आधीच पातळ इपॉक्सी पाजावी लागते, शक्यतो निर्वात भांड्यात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत धातूचे नमुने साच्यात बसवायला आणि पॉलिश करायला लागतं तेच साहित्य इथे चालतं, तेव्हा पुरवठादार शोधायला लांब जायची गरज नाही.

पोलरायझर: काळं खरंच काळं आहे का

सेक्शन काढून ठेवा, दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात लावा आणि बघा. क्षेत्र गडद काळं दिसलं पाहिजे. जांभळट किंवा निळसर उजेड झिरपत असेल तर फिल्म हलक्या दर्जाची आहे किंवा हॅलोजनच्या उष्णतेनं भाजली आहे. करडं दिसत असेल तर कोन ९० अंश नाही. वरचा पोलरायझर केसभर फिरवत सर्वांत काळी जागा शोधा आणि खूण करून ठेवा. रंगीत ढग दिसत असतील तर मधे कुठेतरी प्लॅस्टिक आहे. प्लॅस्टिकची स्लाइड, डबीचं झाकण, मोबाइलचा क्लिप-ऑन लेन्स, यांतला ताण क्रॉस्ड पोलरमध्ये इंद्रधनुष्यासारखा दिसतो. दोन पोलरायझरांमध्ये फक्त काच हवी.

सूक्ष्मदर्शक नसेल तरी काम होतं. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनचा प्रकाश मुळात ध्रुवित असतो. पांढरं पान पूर्ण उजेडावर ठेवा, सेक्शन स्क्रीनपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा म्हणजे पिक्सेलची जाळी फोकसमध्ये येणार नाही, आणि मॅक्रो लेन्सवर लिनिअर पोलरायझर लावा. मोठ्या कणांच्या ग्रॅनाइटला आणि वालुकाश्माला हे पुरतं, बेसॉल्टला नाही.

चौकटी का पडतात

सगळ्यांत जास्त वेळा कारण हे: कॅमेरा ऑटोवर. एका फोटोत झगझगीत ऑगाइट आले की कॅमेरा काळोख करतो, शेजारच्या फोटोत काळे कण जास्त असले की उजेड वाढवतो. जोडल्यावर बुद्धिबळाचा पट. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं हातानं ठरवून कुलूप लावा. मोबाइलवरही प्रो मोडमध्ये हे जमतं.

व्हाइट बॅलन्स क्रॉस्ड पोलरमध्ये कधीही ठरवू नका. वरचा पोलरायझर बाहेर काढा, सेक्शनच्या कडेची रिकामी काच समोर आणा, तिथे पांढरा ठरवा, मग पोलरायझर आत घाला आणि परत हात लावू नका. नाहीतर किरमिजी कण जास्त असलेल्या भागात कॅमेरा हिरवट झाक मिसळतो. एक्स्पोजर ठरवताना लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख बघा. या रंगांत एकच रंग आधी कापला जातो आणि एकत्रित आलेखात ते कळतही नाही. कापलेला लाल प्रिंटमध्ये सपाट डागासारखा येतो. फाइल रॉ किंवा १६ बिटची ठेवा.

फोटोंवर आडव्या पट्ट्या येत असतील तर दिवा लुकलुकतोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. शटर १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा. दिवा लावून वीस मिनिटं तापू द्या, आणि सगळी मालिका एका बैठकीत संपवा. मधे वीज गेली तर उरलेले फोटो आधीच्यांशी जुळणार नाहीत, म्हणून दिवा यूपीएसवर.

दुसरं कारण, फोटोच्या कडा मधल्यापेक्षा अंधाऱ्या असणं. कंडेन्सर (सेक्शनखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) नीट मध्यभागी आणला की ते अर्धं जातं. उरलेलं असं काढा: त्याच ऑब्जेक्टिव्हवर (सेक्शनजवळच्या भिंगावर), त्याच कंडेन्सरवर, वरचा पोलरायझर काढून रिकाम्या काचेचे किंचित आउट ऑफ फोकस आठ-दहा फोटो घ्या. फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक फोटोला त्या सरासरीनं भागा. नंतरच जोडकाम. भिंगांवरच्या आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचे डागही यातच निघून जातात.

किती फोटो लागतील याचा हिशेब आधी करा. ४ एक्स ऑब्जेक्टिव्हला एका फोटोत ४ बाय ३ मिलिमीटर भाग येत असेल आणि २५ टक्के भाग एकमेकांवर ठेवायचा असेल, तर दर पावलाला ३ आणि २.२५ मिलिमीटर सरकायचं. २० बाय १५ मिलिमीटरच्या भागाला सात बाय सात, म्हणजे ४९ फोटो. मालिका चालू असताना गोल स्टेज फिरवायची नाही. ती पाच अंश फिरली तरी कणांचा उजेड बदलतो आणि ते फोटो कशानंही जुळत नाहीत. जोडलेलं चित्र केळीसारखं वाकलं तर सॉफ्टवेअरला वाटलंय की कॅमेरा जागेवर उभा राहून वळतोय; हगिन हे जोडकामाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मोझॅकची पद्धत निवडा, फिजीत ग्रिडची मांडणी सांगा. कडा जिन्यासारख्या येत असतील तर कॅमेरा स्टेजच्या रेषेत सरळ बसवलेला नाही.

४ एक्सच्या लेन्सला, एनए (बारकावे वेगळे दाखवायची क्षमता सांगणारा आकडा) ०.१० असताना, साधारण ३.४ मायक्रॉनपेक्षा बारीक काही दिसत नाही. म्हणून वरच्या चित्राला रुंदीला दहा-बारा हजार पिक्सेल पुरे. तेवढ्यात ३०० डीपीआयला ३३ इंचाच्या पुढे प्रिंट निघतं. त्याहून मोठी फाइल नुसती जड होते.

आता प्रिंटर

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि तरी कागद मळकट असेल, तर बहुतेक वेळा फाइल अॅडोब आरजीबीमध्ये आहे आणि दुकानातल्या सॉफ्टवेअरनं प्रोफाइल वाचलेलं नाही. एसआरजीबीमध्ये बदला, प्रोफाइल फाइलमध्ये जोडा. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान केली जाते, पेनड्राइव्ह न्या. फ्लेक्सवर हे चित्र छापू नये. पिगमेंट शाईचा इंकजेट मागा आणि त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या. त्यावर सॉफ्ट प्रूफ (स्क्रीनवरच छपाईचा अंदाज) केलं की कुठले निळे आणि किरमिजी छपाईच्या आवाक्याबाहेर आहेत ते आधीच दिसतं. ते रंग तेवढ्यापुरते थोडे उतरवा. सगळं चित्र फिकं करू नका.

स्क्रीनचा उजेड बहुतेकांकडे फार असतो. तो अर्ध्यावर आणून बघा. चित्र काळवंडलं तर प्रिंटही तसंच येणार, तेव्हा मधल्या छटा किंचित उचला. मग पूर्ण प्रिंटऐवजी ४ बाय ६ इंचाच्या तीन पट्ट्या काढा: एक जशीच्या तशी, एक गॅमा १.१ ची, एक १.२ ची. जिथे चित्र लागणार त्या भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली, संध्याकाळी बघून निवडा. क्रॉस्ड पोलरच्या चित्राला काळा खोल हवा, म्हणून लस्टर किंवा ग्लॉसी कागद. मॅटवर काळा राखाडी होतो. अॅलिझरिनचा गुलाबी आणि जांभ्याचा तांबडा मात्र मॅट कागदावरच शोभतात.

प्रिंट काचेत घालायच्या आधी २४ तास उघडं सुकू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. काच आणि कागद यांच्यात माउंटची जागा सोडा, नाहीतर ओलीनं कागद काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा, म्हणजे भिंतीची ओल पाठीला लागणार नाही. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: दगड कुठला, सेक्शन किती मायक्रॉनचा, पोलरायझर कसे होते, चित्राची खरी रुंदी किती मिलिमीटर. पुढच्या वेळी तोच रंग हवा असेल तेव्हा याच चार नोंदी लागतात.